चुडामणबापूंची नजर

१

मुंबईच्या मॅडमनी चित्र भिंतीवरून उतरवलं, ओट्यावरच्या उन्हात धरलं, कडेच्या रंगात अंगठ्याचं नख हलकेच दाबलं आणि नख वर करून पाहिलं. नखाला रंग लागला होता.

"हे चुडामण पाटलांचं नाही," त्या म्हणाल्या. "नक्कल आहे. नवी आहे. आतून अजून ओली आहे."

झालं! मोरखेडी ते केवढं गाव, बातमी तापीच्या काठापर्यंत पोचायला वेळ तो किती लागणार? चहा उकळेपर्यंत फाटकाशी गर्दी जमली.

चुडामणबापू म्हणजे या गावाचा एकुलता एक मोठा माणूस. केळी-कापसाच्या घरातलं पोर, पण हातात ब्रश धरला आणि दिल्ली-मुंबईच्या भिंतींवर जाऊन बसलं. बापू गेले तेव्हा घरच्यांनी त्यांचं मातीच्या सपाट छताचं, धाब्याचं घर होतं तसं ठेवून त्याचं संग्रहालय केलं. चष्मा, चपला, रंग घोटायचा खल, सगळं जागच्या जागी. आणि पुढच्या खोलीत, दारासमोर, त्यांनी स्वतःचंच काढलेलं चित्र. डोक्याला फेटा, पांढऱ्या मिशा, मांडीवर दोन्ही हात. खोलीत कुठेही उभं राहा, बापू तुमच्याकडेच बघतात, अशी त्या चित्राची ख्याती. धानोऱ्यापासून सुरतेपर्यंतची माणसं तेवढ्यासाठी येत.

बापूंचा धाकटा मुलगा हेमकांत सुरतेला कापडाच्या धंद्यात होता आणि संग्रहालयाच्या ट्रस्टचा अध्यक्षही तोच. चित्र मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवायचं म्हणून त्यानंच मॅडमना तपासायला आणलं होतं. चोरी कळल्यावर त्यानं फोन केला तो पोलिसांना नव्हे, विमा कंपनीला.

कंपनीनं नंदुरबारहून ममता चौधरीला पाठवलं. जळालेला कापूस आणि भिजलेली मिरची बघण्यात ममताची उमर गेली होती. आग आधी लागली की विमा आधी उतरवला, हा तिचा पहिला प्रश्न असे. ऑफिसात मागं तिला शंकाबाई म्हणत. ते तिच्या कानावर होतं आणि तिला आवडायचंही.

"पोलिसांना का नाही कळवलं?" तिनं चप्पल काढता काढताच विचारलं.

"संध्याकाळी कळवतो ना," हेमकांत म्हणाला. "मला नाव माहीत आहे. अशी नक्कल करणारा या जिल्ह्यात एकच हात आहे. तो बघा, तिथं बसलाय."

२

ओट्याच्या कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून एक तरुण बसला होता. मिथुन त्याचं नाव, खांडबाऱ्याकडचा. बापूंचा शेवटचा शिष्य. बापू गेल्यापासून संग्रहालयात येणाऱ्या माणसांना चित्रं दाखवायचं काम तो करी.

"सोमवारी मला आश्रमशाळेत हजर व्हायचंय," तो ममताला म्हणाला. "चित्रकलेचा शिक्षक म्हणून. किती वर्षं वाट पाहिली मी या ऑर्डरची. आज पोलिसात नाव गेलं की संपलं. चोराला कोण घेईल पोरं शिकवायला?"

"चोर नसाल तर घाबरता कशाला?"

"मॅडम, नसलो तरी घाबरतोच माणूस. आमच्या पाड्यांवर जास्त घाबरतो."

बरोबर होतं ते. पण बरोबर बोलणारी माणसं ममतानं पुष्कळ पाहिली होती. मिरचीत पाणी मारणारा व्यापारीसुद्धा बरोबरच बोलतो.

तिनं मॅडमना विचारलं, नक्कल ओळखली कशावरून? मॅडमनी पुस्तकातला मूळ चित्राचा फोटो शेजारी धरला. फेटा तोच, हात हुबेहूब, नखांच्या कडासुद्धा तशाच. रंगही बापूंच्याच पद्धतीनं घोटलेला. फरक फक्त डोळ्यांत होता. मूळ चित्रातले बापू थेट बघत. यातले बापू केसभर खाली, तुमच्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी बघत होते.

"इतका तयार हात आणि डोळ्यातच चुकला," मॅडम हळहळल्या. "नवलच आहे. पोरगा गुणी आहे हो, वाईट वाटतं."

"आणि तुला हे दिसलं नाही?" ममतानं मिथुनला विचारलं. "रोज चित्रासमोर उभा राहणारा तू!"

"नाही दिसलं," मिथुन म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

खोटं. ममताला खोटं ऐकून कळत नसे, ते माणसाच्या मानेवरून कळे. ती फाटकाकडं गेली. तिथं दलसिंग होता, सातपुड्याकडचा राखणदार, गर्दीला काठीनं मागं रेटत.

"हा मिथुन काही बदलना का रे इतक्यात?" तिनं हळूच विचारलं.

दलसिंगनं काठी फाटकाला टेकवली. मग म्हणाला, "पयले समद्या पाव्हन्यांना सांगायचा, कुठं बी उभं राहा, बापू तुमच्याकडंच पाहाते. दिवाळीपासून ते बोलनं त्यानं सोडलं."

३

म्हणजे दिवाळीपासून मिथुनला ठाऊक होतं!

ममतानं त्याचा मोबाइल मागून घेतला. संग्रहालयाचे व्हिडिओ तोच काढी. (कॅमेरा भिंतीवर होता, पण त्याची वायर पावसाळ्यातच उंदरांनी खाल्लेली. आपल्याकडं कॅमेरा असतो तो पाटीसाठी.) एक व्हिडिओ मागच्या उन्हाळ्यातला, बापूंच्या जयंतीचा. बापूंची मोठी सून, प्रमिलाबाई, चित्रापुढं दिवा लावत होती. सासऱ्यासमोर सुनेनं लाज काढावी, तसा पदर पार नाकापर्यंत ओढलेला, आणि मिथुनचा हसरा आवाज: "आमच्या काकू बापूंच्या चित्राचीसुद्धा लाज काढतात बरं का!" मग दिवा ठेवून ती बाई मागं मागं सरकत दाराबाहेर गेली. दुसरा व्हिडिओ याच महिन्यातला, शाळेच्या सहलीचा. मिथुन पोरांना ब्रश दाखवतोय, मागं प्रमिलाबाई झाडू मारतेय, पोरं दंगा करतायत. मिथुन चित्राविषयी चकार शब्द काढत नाही. ममतानं तो तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा तिचं लक्ष मिथुनवरच होतं.

"च्या घ्या, बहिन," मागून आवाज आला.

प्रमिलाबाई ट्रे घेऊन उभी होती. पंचावन्न-साठची, बारीक, कोरड्या हातांची. नवरा बापूंच्या आधीच गेलेला. मागच्या दोन खोल्यांत ती एकटी राही आणि पुढच्या खोल्या झाडी-पुशी. घरात तिच्याहून मोठं आता कोणी उरलं नव्हतं, त्यामुळं पदर खांद्यावर. हेमकांत धाकटा दीर, त्याच्यासमोर कसली लाज!

तिनं मिथुनलाही कप दिला. त्यानं तो घेतला, पण प्यायला नाही.

"साखर कमी शे का?" ती म्हणाली. "ऱ्हावा, लई येस."

ती मागच्या कोठीच्या खोलीकडं गेली. दार उघडं होतं, आत गव्हाची पत्र्याची कोठी दिसत होती. उंबऱ्यापाशी तिनं डोक्यावर पदर घेतला, चांगला पुढं ओढला आणि आत गेली. साखरेचा डबा घेऊन आली ती मागं मागं सरकत. उंबरा ओलांडला आणि पदर परत खांद्यावर. कोठीच्या खोलीत धूळ-जाळी असणारच, ममताला वाटलं. तिच्या डोक्यात त्या वेळी फक्त मिथुन होता.

"ताई, पावसाळामा चाबी कोनकडे व्हती?"

"धाबं गळे, तव्हय संग्रहालय बंदच व्हतं. चाबी मन्हाकडे, आनी एक मिथुनकडे." प्रमिलाबाईनं साखर ढवळली. "त्यानं काही करेल नही, बहिन. पोऱ्या चांगला शे."

"मंग कोनं करं?"

प्रमिलाबाईचा चमचा थांबला. "मोठा मानससले इचारा," ती म्हणाली, आणि ट्रे उचलून निघून गेली.

४

मोठा माणूस ओट्यावर येरझाऱ्या घालत होता.

"हेमकांतभाई, प्रदर्शन कुठं आहे?" ममतानं विचारलं.

"मुंबईला. सांगितलं ना."

"कुठल्या हॉलमध्ये?"

"ते... मॅडमना माहीत."

मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी भुवया उंचावल्या. "मला कुठल्याच हॉलचं माहीत नाही. मला चित्र खरं असल्याचा दाखला द्यायला बोलावलंय. पॅकिंगवर पत्ता सुरतेतल्या एका बंगल्याचा आहे."

अरे वा! ममताच्या जिवाला बरं वाटलं. इतका वेळ सगळी शंका एका गरिबावर खर्च होत होती, तिला आता दुसरं गिऱ्हाईक मिळालं. चित्र आधीच विकलं, जागी नक्कल टांगली, वर विमाही लाटायचा. असले चोर तिनं कापसाच्या जिनिंगच्या राखेतून काढले होते.

"तुम्ही चित्र विकायला काढलं होतं," ती म्हणाली.

हेमकांत लालबुंद झाला. "घरचं चित्र आहे! इथं कोण बघतं त्याला? सहलीची पोरं? बोलणं झालं होतं, हो. पण विकलेलं असतं तर मी तज्ज्ञ बोलावून माझ्याच नकलेला नख कशाला मारू दिलं असतं? आज दाखला मिळाला की उद्या चित्र जाणार होतं. माझा तर सौदा बुडाला!"

ममताला राग आला, कारण हे खरं होतं. ज्याला नक्कल ठाऊक असते, तो ती उन्हात धरू देत नाही.

"ते तुमचं तुम्ही बघा," हेमकांत म्हणाला. "दिवस मावळायच्या आत मी फिर्याद देणार. त्या पोराच्या नावानं."

तेवढ्यात मागून मिथुनचा आवाज आला. तो उभा राहिला होता.

"मॅडम, मी खोटं बोललो. चित्र बदललंय हे मला दिवाळीतच कळलं होतं."

५

"मग बोलला का नाहीस?" ममता ओरडलीच.

"कोणापुढं बोलू? मला वाटलं, हेमकांतभाऊंनीच बदललं. आणि मी तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न हाच, अशी नक्कल काढतो कोण? मिथुन." त्यानं डोळे पुसले. "पण मॅडम, मी काढली असती तर नजर चुकली नसती. मी सात वर्षं फक्त ती नजरच काढायला शिकतोय. हात मला अजून असे जमत नाहीत."

ममता ओट्याच्या कडेवर बसली. हा पोरगा खरं बोलतोय, आणि हेमकांतही खरं बोलतोय. असं क्वचितच होई. दोन खरी माणसं एका जागी सापडली की तिला अगदी चुकल्यासारखं व्हायचं.

फाटकासमोरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. तिच्या सासरकडचे, याच गावात राहणारे, नवऱ्याचे चुलते. ममताचा हात आपसूक वर गेला आणि ओढणी डोक्यावर आली. नोकरी करते, गाडी चालवते, व्यापाऱ्यांना दम भरते. पण सासरचं मोठं माणूस दिसलं की हात काही विचारायला थांबत नाही. म्हातारे पुढं गेले. ओढणी डोक्यावरच राहिली आणि ममता तशीच बसून राहिली.

मग तिनं मिथुनचा मोबाइल परत उघडला. सहलीचा व्हिडिओ लावला, आणि या वेळी मिथुनकडं पाहिलंच नाही.

मागं प्रमिलाबाई झाडू मारत होती. अगदी चित्राखाली, चित्राकडं पाठ करून. डोकं उघडं.

"माय वं!" ममताच्या तोंडून निघालं.

ती उठली आणि सरळ कोठीच्या खोलीकडं चालू लागली.

६

गव्हाच्या कोठीमागं, जुन्या गोधडीत गुंडाळून, भिंतीला टेकवलेलं चित्र तिथंच होतं. ममतानं ते पुढच्या खोलीत आणून नकलेशेजारी उभं केलं. बापूंनी एका झटक्यात सगळ्यांकडं पाहिलं. मिथुन भिंतीला टेकून रडायला लागला. प्रमिलाबाईच्या डोक्यावर पदर कधी आला ते कुणी पाहिलं नाही.

"ताई," ममता म्हणाली, "जयंतीला तुम्ही चित्राची लाज काढली, पाठसुद्धा दाखवली नाही. आणि या महिन्यात त्याच जागी उघड्या डोक्यानं झाडू मारलात. भिंतीवर बापू नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं. आज कोठीच्या खोलीत जाताना मात्र पदर घेतलात आणि मागं सरकत आलात. गव्हाची कोण लाज काढतं?"

"वहिनी!" हेमकांत किंचाळला. "तुम्ही चोर? आणि नक्कल कुणाकडून काढून घेतलीत?"

"कुणाकडून नाही," ममता म्हणाली. "मिथुनला नजर येते, हात येत नाहीत. हिला हात येतात, नजर येत नाही. ज्या बाईनं जन्मभर सासऱ्याचे हात पाहिले आणि तोंड कधीच नाही, तिनंच हे काढलंय."

प्रमिलाबाई खाली बसली.

"रंग मीच घोटू," ती म्हणाली. "लगीन हुईसन उनू तैपासून. बापू काढेत, मी खालमान घालीसन रंग दिऊ. रातना उरेल रंगवर मी बी काढू, कपडाना तुकडावर. काढं, का चूलमा टाकं. कोनले दखाडू? गनपतीमा ह्या भाऊ फोनवर बोलेत, चित्र सुरतले जाई, परत येवाव नही. मंग दार लाई लिधं. बापूना समोर उभी ऱ्हायनू आनी डोकावरना पदर काढा. पह्यल्यांदाव तोंड दखं. समदं उतरनं. पन डोयासले डोया मिळनात का हात थरथरे." ती थांबली. "मंग मीच त्यासनी नजर जराशी बाजूले करी दिन्ही. काय करू?"

मुंबईच्या मॅडम वाकून नकलेतले हात पुन्हा बघत होत्या. "रंग वाळेपर्यंत थांबला असतात तर मला कळलं नसतं," त्या पुटपुटल्या.

हेमकांत भानावर आला. "हे चालणार नाही. चोरी ती चोरी. मी फिर्याद देणारच, वहिनीच्या नावानं देईन."

"द्या की," ममता म्हणाली. "घराबाहेर न गेलेल्या वस्तूची चोरी. सुरतेच्या बंगल्याचा पत्ताही त्यात घाला. आणि विम्याच्या कागदांत ट्रस्टमध्ये प्रमिलाताईंचंही नाव आहे ना? विकायला त्यांची सही लागते. ती घेतली होतीत का?"

हेमकांत गाडीची किल्ली शोधायला लागला. विम्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

मिटलं म्हणायचं सगळं. ममता पर्स उचलायला वाकली, तेवढ्यात मिथुन पुढं आला. डोळे अजून ओले होते, पण रडणं संपून त्याच्या चेहऱ्यावर राग उतरला होता.

"काकू, सकाळपासून मला चोर म्हणून तिथं बसवलंय. तुम्ही मला चहा दिलात. पोऱ्या चांगला शे म्हणालात. आणि गप्प बसलात."

"मी सांगनारच व्हतू, भाऊ. पोलीस उनात का सांगनार व्हतू."

ममताला ते पुरतं खरं वाटलं नाही. प्रमिलाबाईलाही वाटलं नसावं, कारण ती मिथुनच्या पायांकडं बघत होती.

"का नाही बोललात?"

"काय सांगू? मी काढं म्हनीसन? कोन मानतं रे? हसतीन लोक. चित्र जाई, आनी वर हसतीन. तू भोगी ऱ्हायनास ते मन्हा डोयासले दिसे, तरी तोंड उघडेना. चुकनू मी. पार चुकनू."

"चोर म्हणाले ते मी गिळीन," मिथुन म्हणाला. "पण सकाळपासून सगळे एकच म्हणतायत, असं चित्र फक्त मिथुनच काढू शकतो. या मॅडमसुद्धा म्हणाल्या, गुणी आहे. ऐकताना एकदा मला बरं वाटलं, काकू. लाज वाटते सांगायला. दुसऱ्याचं चित्र माझ्या नावावर नको मला. उद्या मी शाळेत पोरांना काय शिकवू? बाहेर गाव जमलंय. जा आणि सांगा."

"बाहेर? मानससमोर?"

"हो. मी दिवसभर बसलो की त्यांच्यासमोर."

प्रमिलाबाईनं ममताकडं पाहिलं. ममता दारातून बाजूला सरकली. पोराचं बरोबर होतं, आणि या घराच्या पुढच्या ओट्यावर ही बाई चाळीस वर्षांत झाडू घेतल्याशिवाय गेली नव्हती, हेही तिला कळत होतं.

प्रमिलाबाई उठली. नक्कल तिनं दोन्ही हातांनी उचलली. ती तिला जड जात होती, पण कुणाला हात लावू दिला नाही. ओट्यावर आली. दलसिंगनं फाटक उघडलं तशी गर्दी आत सरकली: केळीवाले, बसची वाट बघणाऱ्या बाया, पोरं, मारुतीच्या ओट्यावर बसणारे म्हातारे, आणि त्यांच्यात ममताचे चुलतसासरेही.

"चोर सापडना का?" कुणीतरी ओरडलं.

"चोरी व्हयेलच नही," प्रमिलाबाई म्हणाली. "मिथुननं काहीच करेल नही. हाई चित्र... हाई मी काढेल शे."

"कोनं?" मागून एक म्हातारा कानाला हात लावून म्हणाला. "आयकू येत नही! चुडामणनी काढं का?"

प्रमिलाबाईनं नक्कल आणखी वर धरली. चित्र हललं. मिथुन दोन पावलं पुढं आला आणि त्यानं चित्राची खालची कड धरली.

"नही," ती मोठ्यानं म्हणाली. इतकी मोठ्यानं की केळीच्या ट्रॅक्टरवरची माणसंसुद्धा वळली. "बापूनी नही. चुडामणनी सूननी नही. प्रमिलानी काढं. मन्हं नाव प्रमिला शे."